विद्यार्थ्यांना पक्ष कशाला हवा? बर्कलीच्या ‘स्लेट’वरून समजून घेऊ

१९६१ च्या जून महिन्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या प्रशासनाने ‘स्लेट’ या विद्यार्थी संघटनेची मान्यता काढून घेतली. मारामारी झाली नव्हती, पैशांचा घोळ नव्हता. संघटना स्वतःचं वर्णन ‘कॅम्पसमधला राजकीय पक्ष’ असं करत होती आणि ते शब्द काढा असं सांगूनही काढत नव्हती, हा तिचा गुन्हा. विद्यार्थ्यांनी निवडणुका खुशाल लढवाव्यात, पण पक्ष म्हणून नको, असा एकूण मामला.

दोन-तीन शब्दांवरून एवढं रामायण का झालं, हे कळलं की विद्यार्थी राजकारणाचा गुंता बराचसा सुटतो. ‘कॉलेजात राजकारण नको’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं, की त्यातलं राजकारण म्हणजे नेमकं कुठलं हे विचारायचं राहूनच जातं. बर्कलीत ते विचारलं गेलं. उत्तर मिळायला सात वर्षं गेली आणि त्या सात वर्षांत प्रश्न विचारणारा पक्ष दमून गेला.

मंडळ होतंच, मग पक्ष कशाला?

बर्कली हे सरकारी विद्यापीठ. १८६८ साली स्थापन झालेलं, राज्याच्या पैशावर उभं राहिलेलं. विद्यार्थ्यांचं मंडळही जुनं, १८८७ चं. नाव लांबलचक: ‘असोसिएटेड स्टुडंट्स ऑफ द युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया’. सगळे एएसयूसी म्हणतात. विद्यार्थ्यांच्या फीतून त्याला पैसा मिळायचा. पुस्तकांचं दुकान आणि ‘डेली कॅलिफोर्नियन’ हे दैनिक त्याच्याच अखत्यारीत. गॅदरिंग आणि ट्रॅडिशनल डेपुरता उरलेला आपला जीएस डोळ्यांसमोर आणाल तर फसाल. हे मंडळ चांगलं पैसा बाळगून होतं.

पण तिथे निवडून कोण यायचं? बहुतेक वेळा फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटीवाले. ग्रीक अक्षरांची नावं असलेली ही मुलांची आणि मुलींची खासगी मंडळं. त्यांचे स्वतःचे बंगले, स्वतःच्या पार्ट्या आणि सभासद कुणाला करून घ्यायचं हे ठरवायचा स्वतःचा हक्क. त्यातल्या अनेकांची दारं कृष्णवर्णीय, ज्यू आणि आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांना बंद होती. मतं मात्र बंगल्याबंगल्याने एकगठ्ठा पडायची. बाकीचे विद्यार्थी, म्हणजे भाड्याच्या खोल्यांत राहणारे, नोकरी करून शिकणारे, संशोधन करणारे, मतदानाला फिरकायचेच नाहीत. मंडळ बैठका घ्यायचं, ठराव करायचं, नाचगाण्याचे कार्यक्रम आखायचं. टीकाकारांच्या लेखी हे सगळं भातुकलीचं सरकार होतं: भांडी खरी, चूल खरी, फक्त जेवण खोटं.

इथे पक्षाचं काम सुरू होतं. पक्ष नसलेल्या विद्यार्थी निवडणुकीत मतदाराला काय दिसतं? एक नाव, एक फोटो आणि ‘तुमच्या समस्या सोडवू’. उमेदवार ओळखीचा नसेल तर मत द्यायला काही आधारच नाही, म्हणून मत जातं ओळखीला: वसतिगृहाच्या, जातीच्या, गावाच्या, बंगल्याच्या. शिवाय विद्यार्थी तीन-चार वर्षांचा पाहुणा. निवडून आलेला प्रतिनिधी एक वर्ष पदावर राहतो आणि पुढच्या वर्षी पदवी घेऊन निघून जातो. त्याने दिलेल्या शब्दाचा जाब विचारणार कुणाला? प्रशासनाला हे फार सोयीचं असतं. कुलगुरू तिथेच असतात, कुलसचिव तिथेच, फाईल तिथेच. समोरचं पोरगं तेवढं दरवर्षी नवं आणि दरवर्षी त्याला सगळं पहिल्यापासून समजावून सांगायचं. पक्ष असला की शब्द माणसाचा राहत नाही, पक्षाचा होतो. मागच्या वर्षी तुम्ही अमुक म्हणाला होतात, त्याचं काय झालं, असं विचारता येतं. प्रशासनाशी झालेल्या बोलण्याची आठवण कुणाकडे तरी राहते.

१९५७ मध्ये काही विद्यार्थ्यांनी हे हेरलं. मंडळाच्या एका प्रतिनिधीने फ्रॅटर्निट्यांमधला वंशभेद बंद व्हावा असा मुद्दा आणला, तो अडला. मग काही जणांनी सामायिक जाहीरनाम्यावर एकत्र निवडणूक लढवली. आपल्याकडे साखर कारखान्याच्या किंवा पतसंस्थेच्या निवडणुकीत पॅनेल उभं राहतं, तसंच. ते हरले, पण मतं लक्षात येण्याइतकी पडली. त्यातून १९५८ च्या सुरुवातीला कायमस्वरूपी संघटना झाली, तीच ‘स्लेट’.

तो काळ लक्षात घेतला पाहिजे. अमेरिकेत कम्युनिस्ट शोधून काढायची मोहीम नुकतीच ओसरत होती. याच विद्यापीठाने १९४९ मध्ये प्राध्यापकांना ‘मी कम्युनिस्ट नाही’ अशा अर्थाची निष्ठेची शपथ घ्यायला लावली होती आणि १९५० मध्ये सही न करणाऱ्या ३१ जणांना घरी पाठवलं होतं. १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन बर्कलीत आले, तर त्यांनाही कॅम्पसमध्ये भाषण करता आलं नाही. कडेच्या रस्त्यावर उभं राहून त्यांना बोलावं लागलं. अशा हवेत ‘आमचा पक्ष आहे’ म्हणणं सोपं नव्हतं.

जाहीरनाम्यात काय होतं?

स्लेटचे मुद्दे आज वाचले तर त्यात क्रांती शोधावी लागते. कॅम्पसमधल्या निवासी मंडळांतला भेदभाव थांबवा. अर्धवेळ काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना किमान वेतन द्या. सहकारी तत्त्वावर पुस्तकांचं दुकान काढा. पहिली दोन वर्षं मुलांवर सक्तीचं असलेलं लष्करी प्रशिक्षण ऐच्छिक करा. यांच्याच शेजारी अणुचाचण्यांना विरोध, दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाला विरोध.

विशेष आहे ती जोडणी. किमान वेतन आणि अणुचाचणी एका कागदावर का? कारण या मंडळींना दोन्हींमध्ये कुंपण घालायचंच नव्हतं. कॅम्पसवर गणवेश घालून कवायत करणारा मुलगा हा विद्यापीठाच्या वेळापत्रकाचा प्रश्न आहे की देशाच्या लष्करी धोरणाचा? घरमालक कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला खोली देत नाही, हा विद्यार्थ्यांचा प्रश्न की शहराचा? उत्तर ‘दोन्ही’ असेल, तर कुंपण कुठे घालणार?

आपल्याकडचं उदाहरण घ्या. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये केला, नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत मोर्चे निघाले, गावागावांत दलितांची घरं जळली, माणसं मेली. विद्यापीठाच्या कमानीवरचं नाव, म्हणजे म्हटलं तर शंभर टक्के कॅम्पसमधला विषय. तो ‘बाहेरचा’ नाही असं कोण म्हणेल?

स्लेटची दुसरी युक्ती मला जास्त शहाणपणाची वाटते. संघटनेत उदारमतवादी होते, समाजवादी होते, डावे होते, कुठलंच लेबल न लावणारेही होते. डाव्यांचं एकत्र येणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. दोन जण तीन गट काढतात. स्लेटवाल्यांनी ठरवलं, की सगळ्यांना मान्य होतील असे, पण काहीतरी अर्थ असलेले सर्वांत खालचे मुद्दे घ्यायचे आणि तेवढ्यावरच लढायचं. बाकीची भांडणं बैठकीत. यातला ‘अर्थ असलेले’ हा भाग महत्त्वाचा. नुसतं एकमत शोधत गेलं तर ‘कँटीनचा चहा सुधारा’वर येऊन थांबतं.

एक विजय आणि बदललेली मतदारयादी

१९५९ च्या वसंतात स्लेटचे डेव्हिड आर्मर एएसयूसीचे अध्यक्ष म्हणून निवडून आले. (हेच आर्मर पुढे रिपब्लिकन झाले आणि रेगन यांच्या काळात संरक्षण खात्यात मोठ्या पदावर गेले. पक्षांतर हा काही आपलाच मक्ता नाही.)

त्याच वर्षी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मंडळाच्या सभासदत्वातून वगळण्यात आलं. प्रशासनाने कारणं काहीही दिलेली असोत, परिणाम सरळ होता: स्लेटला सर्वांत जास्त मतं याच गटातून मिळत आणि तोच मतदारयादीतून गेला. निवडणूक जिंकण्याचे अनेक मार्ग असतात, त्यात मतदार बदलणं हा सर्वांत खात्रीचा. सोसायटीच्या निवडणुकीआधी अचानक ‘थकबाकीदार’ ठरलेल्या सभासदांना हे विस्ताराने सांगावं लागणार नाही.

पाठोपाठ ऑक्टोबर १९५९ मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क केर यांचे नियम आले. त्यांचा मथितार्थ असा: विद्यार्थी मंडळ हे विद्यापीठाच्या प्रशासनाला जबाबदार आहे आणि त्याने कॅम्पसबाहेरच्या राजकीय, धार्मिक, आर्थिक, आंतरराष्ट्रीय प्रश्नांवर भूमिका घ्यायची नाही.

केर यांना खलनायक करून टाकणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. ते मजूर-मालक तंट्यांत मध्यस्थी करण्यात मुरलेले अर्थतज्ज्ञ होते आणि निष्ठेच्या शपथेच्या वादात बडतर्फीला त्यांनी विरोध केला होता. त्यांच्या हातात कायद्याचा आधारही होता. विद्यापीठ ‘सर्व राजकीय आणि सांप्रदायिक प्रभावांपासून पूर्णपणे स्वतंत्र’ राहील, असं कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेतच लिहिलेलं आहे. प्रशासनाने त्याचा अर्थ लावला: म्हणून कॅम्पसवर राजकारण नको. विद्यार्थ्यांनी अर्थ लावला: अहो, हे कलम राजकारण्यांनी विद्यापीठात ढवळाढवळ करू नये म्हणून आहे, विद्यार्थ्यांनी तोंड बंद ठेवावं म्हणून नव्हे. कलम वाचलं तर त्यात रीजंट्सच्या, म्हणजे नियामक मंडळाच्या, नेमणुका आणि विद्यापीठाचा कारभार यांचा उल्लेख आहे. मला विद्यार्थ्यांचा अर्थ जास्त पटतो. पण पैसा विधिमंडळाकडून येतो आणि विधिमंडळात बर्कलीला ‘लाल’ म्हणणारे आमदार बसलेले आहेत, हे अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला विसरता येत नाही.

सरकारी विद्यापीठात हा पेच कायमच असतो. सरकारी म्हणून तिथे नागरिकाला घटनेने दिलेलं भाषणस्वातंत्र्य लागू होतं; अमेरिकेत खासगी विद्यापीठावर ते बंधन तसं नाही, कारण तिथली घटना सरकारचे हात बांधते, खासगी संस्थेचे नाही. आणि सरकारी म्हणूनच प्रत्येक मोर्चानंतर ‘आमच्या करातून हे चाललंय का’ असं विचारणारा कुणीतरी असतोच.

पाण्याचे फवारे, दैनिक आणि प्राध्यापकांचं प्रगतिपुस्तक

१३ मे १९६० ला सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या, कम्युनिस्ट हुडकणाऱ्या अन-अमेरिकन कारवाया समितीची सुनावणी चालू होती. विरोध करायला आलेल्या विद्यार्थ्यांना आत सोडलं नाही. ते बाहेर संगमरवरी जिन्याजवळ बसून राहिले. पोलिसांनी आगीचे बंब लावून पाण्याचे फवारे सोडले आणि भिजलेल्या मुलांना पायऱ्यांवरून ओढत खाली नेलं. साठाहून जास्त अटका झाल्या. स्लेटचे बरेच जण त्यात होते. समितीने नंतर ‘पाहा, कम्युनिस्टांनी मुलांना कसं भडकवलं’ हे दाखवणारा प्रचारपट काढला आणि देशभर फिरवला. झालं उलटंच. घटनाक्रम उलटापालटा करून जोडलेला तो पट पाहून कित्येक मुलांना वाटलं, हे बर्कली प्रकरण दिसतं तरी भारी, आणि त्यांनी तिथेच प्रवेश घेतला. इतकी चांगली जाहिरात स्लेटला पैसे देऊनही करता आली नसती.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘डेली कॅलिफोर्नियन’च्या संपादकांनी स्लेटचे उमेदवार मायकल टायगर यांना जाहीर पाठिंबा दिला. मंडळाने लगेच दैनिकावर वेसण घालणारे नियम केले. वरिष्ठ संपादक राजीनामे देऊन बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचं वेगळं पत्र काढलं. टायगर पुढे नामांकित वकील झाले. पण १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या हाताखाली त्यांना मिळालेली कायदा-सहायकाची (लॉ क्लर्क) जागा बाहेरच्या दबावामुळे काढून घेतली गेली. कारण होतं त्यांचं कॉलेजातलं राजकारण.

मग आला १९६१ चा जून. मान्यता गेल्यावर व्यवहारात काय झालं? कॅम्पसवरची सभागृहं मिळेनात. कॅम्पसच्या काठावर स्टाइल्स हॉल नावाची वायएमसीएची इमारत होती. ज्यांना आत जागा नाही अशा संघटनांच्या सभा तिथे होत. स्लेट काही मेली नाही. उलट तिने नंतर एक अस्सल विद्यार्थीकामाचा उद्योग केला. १९६३ पासून ‘स्लेट सप्लिमेंट’ निघू लागलं. विद्यापीठ अभ्यासक्रमांची अधिकृत पुस्तिका छापायचं, त्याला ही पुरवणी. कोणता प्राध्यापक कसा शिकवतो, कुणाचं व्याख्यान वर्षानुवर्षं त्याच पिवळ्या कागदांवरून चालतं, कुठल्या विषयात नुसती घोकंपट्टी आहे, हे विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं. आज सत्राच्या शेवटी फीडबॅक फॉर्म भरून घेतात त्याची ही आगाऊ आणि जास्त प्रामाणिक आवृत्ती. कारण फॉर्म विभागप्रमुखाच्या कपाटात जातो, पुरवणी प्रवेश घेणाऱ्याच्या हातात पडत होती.

स्लेटच्या इतिहासात मला हे पान फवाऱ्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. चार-सहा वर्षं सलग टेबलं लावणं, पत्रकं चक्रमुद्रित करणं, सभेला वक्ता शोधणं, पुरवणीसाठी मतं गोळा करणं या रटाळ कामाने कॅम्पसवर एक गोतावळा तयार झाला होता. संघटना कशी चालवतात, हे ठाऊक असलेली माणसं तयार झाली होती. ती १९६४ मध्ये उपयोगी पडली.

२६ फूट विटांचा फुटपाथ

बर्कलीच्या बॅन्क्रॉफ्ट वे आणि टेलिग्राफ अ‍ॅव्हेन्यूच्या तोंडावर, कॅम्पसच्या प्रवेशापाशी, २६ फूट रुंदीचा विटांचा एक पट्टा होता. सगळे समजत, की ही जागा शहराची. म्हणून विद्यापीठाचे नियम जिथे संपतात तिथे, म्हणजे या पट्ट्यावर, संघटना घडीची टेबलं मांडून वर्गणी गोळा करत, सभासद नोंदवत. आत बंदी, बाहेर मोकळीक; सगळ्यांचं भागत होतं. १९६४ मध्ये लक्षात आलं, की पट्टाही विद्यापीठाचाच आहे. १४ सप्टेंबरला डीन कॅथरीन टाउल यांचं पत्र निघालं: २१ तारखेपासून तिथे टेबलं नकोत, वर्गणी नको, बाहेरच्या राजकीय कामासाठी सभासदनोंदणी नको.

या बंदीचा फटका सगळ्यांनाच बसला. त्यामुळे स्लेटपासून रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार गोल्डवॉटर यांच्या समर्थकांपर्यंत सगळ्या संघटनांनी एकत्र आघाडी केली. सर्वांना मान्य, पण अर्थ असलेला मुद्दा याहून चांगला कुठला मिळणार?

१ ऑक्टोबरला वंशभेदविरोधी ‘कोर’ या संघटनेच्या टेबलावर बसलेले जॅक वाइनबर्ग यांना पोलिसांनी पकडून गाडीत बसवलं. मुलं गाडीभोवती बसली. गाडी ३२ तास जागची हलली नाही. तिच्या टपावर चढून एकेक जण भाषण करू लागला. टपाला पोचे पडू नयेत म्हणून मारिओ सॅव्हिओ हा विद्यार्थी बूट काढून चढला. पोचे पडलेच. मग भरपाईसाठी गर्दीतून वर्गणी काढली गेली. त्यातून उभी राहिलेली ‘फ्री स्पीच मूव्हमेंट’ जगाला माहीत आहे: डिसेंबरच्या सुरुवातीला स्प्राउल हॉल या प्रशासकीय इमारतीत ठिय्या, सुमारे ८०० अटका आणि ८ डिसेंबरला प्राध्यापकांच्या सभेने ८२४ विरुद्ध ११५ मतांनी विद्यार्थ्यांच्या बाजूने दिलेला कौल. भाषणाच्या आशयावर विद्यापीठाने बंधन घालू नये. वेळ, जागा आणि पद्धत यांचे वाजवी नियम तेवढे करावेत, ही त्यातली मध्यवर्ती भूमिका. आज अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांत हेच सूत्र चालतं.

सक्तीचं लष्करी प्रशिक्षण त्याआधीच, १९६२ मध्ये, ऐच्छिक झालं होतं. केर यांना रेगन राज्यपाल झाल्यावर जानेवारी १९६७ मध्ये रीजंट्सनी काढून टाकलं. विद्यार्थी म्हणत हे फार कडक आहेत, रेगन म्हणत फार मऊ आहेत.

आणि स्लेट? ऑक्टोबर १९६६ मध्ये तिने स्वतःच विसर्जन केलं. चळवळ जिंकली तेव्हा पक्षाला घरघर लागली होती, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण त्यात तर्क आहे. बोलायचा हक्क मिळाल्यावर बोलणाऱ्यांना मंडळाच्या निवडणुकीचं आडवळण उरलं नाही. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध थेट मोर्चा काढता येत असेल, तर एएसयूसीच्या समितीत ठराव मंजूर करून घ्यायला रात्री कोण जागवणार? हिशेब मांडला तर स्लेट निवडणुका जिंकण्यापेक्षा हरलीच जास्त.

आपल्याकडच्या संघटना वेगळ्या कशा?

स्लेट कुठल्याही मोठ्या पक्षाची शाखा नव्हती. डेमोक्रॅटिक पक्षाचं तिकीट, पैसा, झेंडा यांतलं काहीच तिच्याकडे नव्हतं. आपल्याकडचा ओघ बहुधा वरून खाली. १९३६ चं ऑल इंडिया स्टुडंट्स फेडरेशन, १९४९ ची अभाविप, १९७० ची एसएफआय, १९७१ ची एनएसयूआय. प्रत्येकीचं नातं एखाद्या मोठ्या पक्षाशी किंवा विचारपरिवाराशी. अपवाद आहेत, साठीच्या दशकाअखेरीस उभं राहिलेलं युक्रांद (युवक क्रांती दल) कुणाची शाखा नव्हतं. पण ते निवडणूक लढवणारं कॅम्पस पॅनेलही नव्हतं. शाखा असण्याचे फायदे उघड आहेत: कार्यालय, वकील, पोलीस ठाण्यात फोन करणारा आमदार. किंमतही उघड आहे. फीवाढ आपल्याच सरकारने केली असेल तर मोर्चाचा आवाज आपोआप खाली येतो.

महाराष्ट्राने यावर उपाय केला तो निवडणुकाच बंद करून. १९८९ मध्ये मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका गेल्या आणि गुणवत्तेवर प्रतिनिधी ठरू लागले. वर्गात पहिला आलेला मुलगा सीआर. त्याची इच्छा असो वा नसो. खून होऊ नयेत हे खरंच, पण दोन पिढ्यांनी मतपेटी पाहिली ती थेट ग्रामपंचायतीची किंवा विधानसभेची. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लागू केल्या: उमेदवारी खर्चाची मर्यादा ५,००० रुपये, छापील पोस्टरऐवजी हाताने केलेले, आणि विद्यार्थी निवडणूक राजकीय पक्षांपासून अलग. या नियमांच्या उल्लंघनावरून जेएनयूमधल्या निवडणुका २००८ पासून २०१२ पर्यंत अडकल्या होत्या. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकांची तरतूद परत आणली. २०१९ मध्ये त्या घ्यायचं ठरलं आणि विधानसभेच्या तोंडावर पुढे ढकललं गेलं.

गुंडगिरी आणि पक्ष या दोन गोष्टी आपण एकाच पोत्यात भरल्या आहेत, असं माझं मत आहे. पैसा आणि दंडेली थांबवायला खर्चाचे आणि शिस्तीचे नियम लागतात. सामायिक जाहीरनामा लिहिणाऱ्या पाच मुलांना बंदी करून त्यातलं काहीही थांबत नाही. झेंडा खिशात जातो, एवढंच.

आजचं बर्कली

बर्कलीत आज पक्ष हा शब्द कुणाला खुपत नाही. १९८४ मध्ये ‘कॅलसर्व्ह’ निघाली, १९९५ मध्ये ‘स्टुडंट अ‍ॅक्शन’. पहिली अल्पसंख्याक आणि चळवळ्या गटांची आघाडी, दुसरी जरा मध्यममार्गी, फ्रॅटर्निटीवाल्यांनाही जवळची. ‘स्क्वेल्च’ या विनोदी मासिकाच्या मंडळींनीही आपला पक्ष काढून जागा जिंकून दाखवल्या आहेत.

भांडण आता फीच्या पैशावर असतं. प्रत्येक विद्यार्थ्याकडून सक्तीने घेतलेला पैसा त्याला न पटणाऱ्या संघटनेला द्यावा का? याच बर्कलीच्या खटल्यात १९९३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने आक्षेप घेणाऱ्या विद्यार्थ्यांची बाजू घेतली. २००० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळी वाट काढली: फी सक्तीची चालेल, पण वाटताना कुणाचा विचार पटतो आणि कुणाचा नाही हे बघायचं नाही.

एएसयूसीच्या सिनेटमध्ये २० जागा आहेत आणि मतदान पसंतीक्रमाने होतं. आपल्या विधान परिषदेसाठी आमदार मत देतात तसं: पहिली पसंती, दुसरी, तिसरी. २० जागांना एकदम मतदान असलं की एका जागेचा कोटा येतो एकूण मतांच्या एकविसाव्या हिश्शाच्या जरा वर, म्हणजे साधारण पाच टक्के. त्यामुळे पाच टक्के विद्यार्थी पाठीशी असलेला छोटा गटही आपला एक माणूस आत पाठवू शकतो आणि मोठ्या पक्षाला आपली मतं कुठल्या उमेदवाराकडे किती वळवायची याचं गणित मांडत बसावं लागतं. विधान परिषदेच्या निकालाच्या रात्री कुणाची किती मतं फुटली, हे मोजत टीव्हीपुढे बसणाऱ्या मराठी माणसाला तिथल्या मतमोजणीला बसवलं, तर त्याला फारसं काही शिकवावं लागणार नाही.